भट्टीच्या देवाचा आवाज

मी देव आहे. मराठीपुरता, आणि तोही लोहारकामाचा.

'ऑलिंपसची लेकरं' या मालिकेत ग्रीक देवांना माणसांपासून झालेली मुलं राक्षसांशी लढतात, आणि त्यांचे आईबाप असलेले देव डोंगरावर बसून एकमेकांशी भांडत असतात. माझ्या वाट्याला आला हेफेस्टस. एका पायाने लंगडा, डोंगराच्या पोटात भट्टी पेटवून बाकीच्या देवांना शस्त्रं घडवून देणारा. त्याची मुलगी थिया. तिने बापाला कधी पाहिलेलं नाही. कुठेही आग पेटली की तिला ज्वाळेतून त्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. त्या आवाजामागे ती जग पालथं घालते.

देवाच्या तोंडचं मराठी मी बोलायचो कोल्हापुरात, आमच्या बेडरूममधल्या कपड्यांच्या कपाटात. आतून जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. आमच्या डबिंगच्या धंद्यातली बरीचशी माणसं एव्हाना यंत्रांनी घरी बसवली आहेत. थोडी उरलो, कारण यंत्राला आवाजाचा रंग हवा तसा देता येतो, पण वाक्य कुठे अडखळावं, दम कुठे घ्यावा, शब्द तोंडातल्या तोंडात कुठे विरावा हे अजून माणसाकडूनच घ्यावं लागतं. म्हणजे रंग यंत्राचा, चाल माणसाची. मी चालीचा माणूस. मुकुंद दाबके, मूळचा डोंबिवलीचा, वृषालीशी लग्न करून दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरला आलेला.

वृषाली फिजिओथेरपिस्ट आहे. तिचा पहिला नवरा धैर्यशील घोरपडे उद्यमनगरात मोटारी आणि पंप दुरुस्त करायचा. त्यांची मुलगी राजवी सहा वर्षांची असताना तो हृदयविकाराने गेला. आता ती बारा वर्षांची आहे.

राजवी माझ्याशी कधी वाईट वागली नाही. हीच अडचण होती. पाहुण्यांशी वागावं तशी ती माझ्याशी वागायची. "मुकुंदकाका, तुम्हाला चहा हवाय का?" असं विचारायची आणि हो म्हटलं तर आईला जाऊन सांगायची. कोल्हापूरच्या मुली 'मी जातो, मी येतो' म्हणतात, याची मी सुरुवातीला थट्टा केली तेव्हा ती हसलीसुद्धा, अगदी हिशेबात.

आम्हा आवाजवाल्यांची एक जुनी खोड आहे. नव्या मालिकेत आपण कोण झालोय ते घरात सांगायचं नाही. घरच्यांनी ऐकून ओळखायचं, आणि ओळखलं की त्या दिवशी घरात गोडाधोडाचं जेवण. आमच्यातला एकजण वर्षभर रेडा होता आणि बायकोने ओळखलं नाही म्हणून रुसून बसला होता. मीही वृषालीला फक्त इतकंच सांगितलं की या मालिकेत मी आहे. राजवीला तेवढंही नाही. तिने आपणहून ओळखावं अशी माझी फार इच्छा होती. फार म्हणजे, या वयात शोभणार नाही इतकी.

कलाकारांच्या घरी मालिकेची चाचणीची आवृत्ती आधी येते. या वेळी तिच्यासोबत मनगटावर बांधायचा एक पट्टाही आला. त्यातल्या सोयीचं नाव 'जवळचा आवाज'. कंपनीने लिहिलं होतं की प्रेक्षकाला मालिका अधिक जिव्हाळ्याची वाटावी म्हणून ती आहे. राजवीने पट्टा बांधला, कानाला हेडफोन लावले आणि सोफ्याच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली.

तिसऱ्या-चौथ्या भागापासून मला फरक दिसायला लागला. पडद्यावर आग पेटली की ती पुढे सरकायची. हेफेस्टस बोलायला लागला की तिचा चेहरा असा काही मऊ व्हायचा, की मी हातातलं वर्तमानपत्र उलटं धरून तिच्याकडेच बघत राहायचो. एकदा तिने आईला सांगितलेलं मी ऐकलं, "आई, तो देव बोलला ना, की मला इथं कसंतरी होतंय. चांगलं कसंतरी."

मी त्या दिवशी कपाटात जाऊन, दार लावून, एकटाच नाचलो. माझा आवाज! तिला ओळखू आला नव्हता, पण पोहोचला होता. मी तर मनात बासुंदीचं दूधही आटवायला ठेवलं.

मग एका रविवारी हेडफोन बिघडले आणि राजवीने भाग हॉलमधल्या स्पीकरवर लावला. वृषाली आत तांबडा रस्सा ढवळत होती. पडद्यावर थिया विझत आलेल्या शेकोटीपुढे बसली होती, आणि निखाऱ्यांतून देव म्हणाला, "बाळा, आग विझली तरी हात बराच वेळ ऊबदार राहतो."

वृषाली पळी हातात तशीच धरून दारात आली. रस्सा फरशीवर ठिबकत होता. तिने पडद्याकडे नाही, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"धैर्यशील," ती म्हणाली.

वाक्य माझं होतं. 'विझली'नंतरचा दम माझा होता, 'बराच वेळ' लांबवणं माझं होतं. त्या लांबवण्यावर मी अर्धी सकाळ घालवली होती. पण गळा माझा नव्हता. आपला सदरा घालून दुसराच कुणीतरी आपल्या घरात उभा असावा, तसं मला वाटलं. राजवीला आई दारात आल्याचं कळलंही नाही. ती ऐकत होती.

मी बाहेर गॅलरीत जाऊन तृप्ती लोबोला फोन लावला. तृप्ती आमच्या मराठी आवृत्तीची दिग्दर्शक.

"वृषालीच्या पहिल्या नवऱ्याचा आवाज तुमच्याकडे आला कुठून?" मी विचारलं. "तो सहा वर्षांपूर्वी गेलाय!"

"आलाच नाही," ती म्हणाली. "मुकुंद, शांतपणे ऐक."

तिने समजावलं ते असं. आवाजाचा रंग म्हणजे गळ्याची लांबी, तोंडाच्या पोकळीचा आकार, स्वरतंतूंचा ताण, थोडी खरखर, थोडी हवा. यंत्राकडे या प्रत्येकाची एकेक खुंटी असते. दर वाक्याला ते एखादी खुंटी केसभर पिळतं आणि मनगटावरच्या पट्ट्याला विचारतं, नाडी काय म्हणते? कातडीला घाम आला? बोटं गरम झाली? शरीराने किंचितही दाद दिली की पुढची पिळणी त्याच बाजूला. अंधारात भिंत चाचपत दिव्याचं बटण शोधतो ना, तसं. आपण कुणाचा आवाज काढतोय हे यंत्राला ठाऊक नसतं. तो आवाज ऐकणाऱ्याच्या आतच असतो. यंत्र नुसतं चाचपत तिथपर्यंत जातं.

"बऱ्याच घरांत तो आजीच्या नाहीतर शाळेतल्या लाडक्या बाईंच्या जवळपास जातो," तृप्ती म्हणाली. "तुमच्याकडे बापाचा आवाज बापापाशी गेला. इतकं होईल असं आम्ही धरलं नव्हतं, खरं सांगते."

"आणि तिथे पोहोचल्यावर थांबतो?"

"नाही," ती म्हणाली. "थांब असं त्याला कुणी सांगितलेलं नाही. ऐकणाऱ्याला जे आणखी आवडेल तिकडे सरकत राहतो."

तेव्हा मी या शेवटच्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की ती मऊ झालेली नजर माझ्यासाठी नव्हती. मला राग आला, आणि मेलेल्या माणसाचा हेवा वाटल्याची लाजही वाटली. दोन्ही एकदमच आलं.

रिमोटवर 'मूळ आवाज' असं बटण होतं. एकदा दाबलं की देव पुन्हा मी झालो असतो. पण भाग आता स्पीकरवरच लागायचे, आणि वृषाली दर भागाला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची, हात पदराला पुशीत. बटणाचा विषय मी काढला नाही आणि तिनेही काढला नाही.

असे काही आठवडे गेले. मग एकदा जेवताना वृषाली राजवीवर ओरडली. कारण साधंच, ओला टॉवेल गादीवर. राजवी ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा असते तर असे ओरडले नसते. बाबा कधीच ओरडायचे नाहीत."

वृषाली आधी हसली. "तुझे बाबा? अगं, लेथ मशीन चालू असताना त्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा की!"

"न्हाई. ते हळू बोलायचे. मला बाळा म्हणायचे."

"त्यांनी तुला जन्मात बाळा म्हटलं नाही. शाणे म्हणायचे. ए शाणे, इकडं ये."

"तुला आठवत नाही," राजवी शांतपणे म्हणाली. "मला आठवतंय."

वृषालीने हात धुतले, आतून जुना फोन आणला आणि चार्जरला लावला. धैर्यशील स्वतः कधी चित्रणात नसायचा. फोन धरणारा तोच. राजवीच्या तिसऱ्या वाढदिवसाचं एक चित्रण होतं. फुग्यांपुढे रडवेली राजवी, आणि फोनमागून घोगरा, घाईतला आवाज, "ए शाणे! हस की! दात दाखव, दात! रडतीस काय, केक काय पळून चाललाय?"

राजवीने ते पूर्ण ऐकलं. "हे कोण आहेत?" तिने विचारलं.

"कोण म्हणजे? बाबा."

"हे बाबा न्हवंत." तिने फोन आईच्या हातात परत दिला, पाहुण्याने ताट परत द्यावं तितक्या सभ्यपणे. "हे कुणीतरी ओरडणारे काका आहेत."

त्या रात्रीचं सांगत नाही. सकाळी तृप्तीला सगळं सांगितलं. मग तिने जे सांगितलं ते मला आता शाळेतल्या धड्यासारखं पाठ आहे. आठवण ही पेटीत ठेवलेली वस्तू नसते. दर वेळी आपण ती काढतो तेव्हा ती उसवते, आणि परत ठेवताना त्या वेळी हाताशी असलेल्या धाग्याने शिवली जाते. राजवीच्या हाताशी कुठला धागा होता? दर भागाला आणखी खोल, आणखी गोड, आणखी समजूतदार होत गेलेला एक देव. यंत्र तिच्या बापापर्यंत गेलं होतं आणि त्याला ओलांडून पुढे निघून गेलं होतं. खरा धैर्यशील शिंकायचा, चिडायचा, घाईत असायचा. हा कधीच नाही.

आणि त्यातली चाल माझी होती. ते प्रेमळ थांबणं, तो जपून घेतलेला दम. मी तिला जिंकायला म्हणून जे जे केलं, ते सगळं त्या बिचाऱ्याच्या नावावर जमा झालं होतं आणि त्याचा स्वतःचा ओरडा पुसला गेला होता.

"बंद करून टाकतो," मी वृषालीला म्हणालो.

"करू नको." तिचे डोळे सुजले होते. "आत्ता बंद केलंस तर तिच्याजवळ राहील तो कोण? हा गोडबोल्या. धैर्यशील तिच्यासाठी दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी तिला कळणारही नाही."

 तिने चहा केला आणि प्यायचा विसरली. कपावर साय धरली होती तेव्हा माझ्या डोक्यात आलं. शेवटचा भाग अजून बोलायचा होता.

"वृषाली, रंग यंत्राचा असतो," मी म्हणालो. "चाल माझी आहे. मला शिकव."

"काय शिकवू?"

"त्याच्यासारखं ओरडायला."

एका बाईने आपल्या दुसऱ्या नवऱ्याला पहिल्या नवऱ्यासारखं बोलायला शिकवावं, हा प्रकार आमच्या स्वयंपाकघरात आठवडाभर चालला. राजवी शाळेत गेली की आम्ही सुरू व्हायचो. वृषाली कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि अंगात आल्यासारखी धैर्यशील व्हायची.

"मऊ पडतोयस," ती म्हणायची. "तू विचारून रागावतोस. तो विचारत नव्हता. 'सोड' असं म्हणायचा, की पुढच्याला सोडायला वेळच नाही. म्हण."

"सोड."

"अहं. डोंबिवलीचा वास येतोय."

"सोड म्हणतो ना!"

"आता जरा आला. आणि कौतुक करायचं असलं की आधी खाकरायचा. खाकरून नुसतं 'हां' म्हणायचा. बास. त्या 'हां'साठी कामावरची पोरं जीव टाकायची." ती एकदम थांबली. "मी पण."

लग्नानंतर ती माझ्यापुढे त्याच्याविषयी इतकं कधी बोललीच नव्हती. मी वाईट वाटून घेईन म्हणून. मला वाईट वाटत होतंच, पण त्या वाईट वाटण्याशेजारी तो माणूसही मला आवडायला लागला होता. पंपाच्या गिऱ्हाइकाला "तुमचा पंप बरा आहे, तुम्हीच बिघडलाय" असं तोंडावर सांगणारा माणूस कुणाला आवडणार नाही?

शेवटच्या भागात थिया अखेर बापाच्या भट्टीपाशी पोहोचते. बाप तिथेही दिसत नाही. फक्त आग आणि आवाज. तिला मित्रांसाठी ढाल घडवायची असते आणि ती जमत नसते. संहितेत देव म्हणतो, 'बाळा, तू प्रयत्न केलास, मला तुझा अभिमान आहे.' मी कपाटात शिरलो, दार लावलं, नाकाने दम घेतला आणि संहिता बाजूला ठेवली.

"ए शाणे! चिमटा असा धरतात होय? सोड. सोड म्हणतो ना! भाजून घेतीस काय? हां, इकडनं. मार आता. जोरात मार की, जेवली नाहीस?"

कानात तृप्ती किंचाळली. "मुकुंद! हा देव आहे!"

"लोहारांचा देव आहे. भट्टीपुढे उभं राहून गोड कोण बोलतं?"

"पूर्ण महाराष्ट्र ऐकणार आहे हे."

"ऐकू दे. एकाच घरात हा आवाज खरा ठरणार आहे, आणि तोही ठरला तर."

तिने रेकॉर्डिंग थांबवलं. "नाहीच ठरला, तर तिला जो बाप आवडलाय तोही तू मोडशील. विचार केलायस?"

केला होता.  "घे," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य बोललो.

तो भाग आला त्या संध्याकाळी मीच तो स्पीकरवर लावला. राजवी पट्टा बांधून कोपऱ्यात बसली. वृषाली दारात नाही, या वेळी माझ्या शेजारी बसली आणि तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की पट्टा माझ्या हातावर असता तर यंत्र वेडं झालं असतं.

थिया भट्टीपाशी आली. आग भडकली. "ए शाणे!" देव ओरडला.

राजवी दचकली. आवाज अजून तोच होता, खोल आणि तुकतुकीत. त्या गळ्यात ओरडा कुणाची तरी मोठी चप्पल घातल्यासारखा वाटत होता. तिच्या कपाळाला आठी पडली. तिचा हात पट्ट्याकडे गेला, आणि मला वाटलं, संपलं. आता ती तो काढणार.

"सोड. सोड म्हणतो ना!"

हात तिथेच थांबला. आणि स्पीकरमधल्या आवाजात कुठेतरी जराशी खरखर आली. पुढच्या वाक्याला आणखी. यंत्र चाचपत मागे वळलं होतं. "भाजून घेतीस काय?" आता आवाज वर चढला, घाईचा झाला, घोगरा झाला. राजवी उभी राहिली होती. तिला आपण उभे राहिलो हे कळलं नव्हतं.

पडद्यावर ढाल तयार झाली. वेडीवाकडी, पण ढाल. आग काही वेळ नुसती धगधगत राहिली. मग आगीने घसा खाकरला.

"हां," देव म्हणाला.

राजवी रडायला लागली. लहान मूल रडतं तसं, तोंड उघडं टाकून. वृषाली उठायला लागली, पण राजवीनेच हात पुढे केला. "तो फोन दे. वाढदिवसाचा."

फुगे, रडवेली मुलगी, आणि फोनमागचा माणूस. "ए शाणे! हस की! दात दाखव, दात!"

"बाबा आहेत," राजवी म्हणाली. तिने ते पुन्हा लावलं. "आई, बाबाच आहेत. किती ओरडायलेत बघ." ती रडता रडता हसत होती, आणि दात दाखवत होती.

मी उठलो. ही त्या तिघांची वेळ होती आणि माझं काम झालं होतं. मी दारापर्यंत पोहोचलो तेव्हा ती म्हणाली, "मुकुंदकाका, तो देव तुम्ही आहात न्हवं?"

मी वळलो. "कशावरून?"

"आवाज बाबांचा होता. पण बोलायच्या आधी तुम्ही नाकानं दम घेता. सकाळी कपाटात आ-ऊ करता तेव्हा मी रोज ऐकतो की." तिने नाक पुसलं. "मला आधीच वाटायचं, देवाला कशाला दम लागतोय."

वृषाली माझ्याकडे बघत होती.  मी मान डोलावली.

राजवीने मनगटावरचा पट्टा सोडला, त्याची नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि रिमोट माझ्यापुढे धरला. "आता मूळ आवाजात लावा. पहिल्यापासनं. तुम्ही कसं बोललाय ते मला ऐकायचंय."

मी रिमोट घेतला खरा, पण बटण काही सापडेना.

"बघत काय बसलाय?" राजवी माझ्यावर खेकसली. "लावा की!"

आठवडाभर मी जी चाल घोटली होती आणि जी मला कधीच पुरती जमली नाही, ती अगदी तीच होती. वृषाली आणि मी एकदमच हसलो. मी 'मूळ आवाज'चं बटण दाबलं, आणि राजवीने सोफ्यावर सरकून माझ्यासाठी जागा केली.